जोडपत्र चार

अरवायखेरला पोचेपर्यंत मार्करमधली शाई गोठली होती.
उणे एकतीस.
हॉटेलच्या बाईने ते चहाच्या किटलीभोवती उभे केले,
आजारी पोरांना चुलीपाशी बसवावं तसे.
तोवर आम्ही तोंडीच सुरुवात केली.

बावीस जण. पशुपालक संघांच्या बायका, एक बँकवाला,
आणि दोन दिवस प्रवास करून आलेली कझाक शिक्षिका बोताकोझ.
उंटाच्या पिल्लाचे डोळे, तिने नावाचा अर्थ सांगितला.
ओळखीच्या फेरीत तो सांगायचाच असतो, नियम माझाच.
मी वसुधा. पृथ्वी, म्हणाले.
बायकांनी माझ्याकडे पाहिलं, मग एकमेकींकडे.
दमलेली दिसते, असं कुणीतरी म्हणालं असावं.

एकोणीस वर्षं झाली. आक्रात केलं, तिरानात केलं,
सुवामध्ये पंखे बंद असताना केलं.
तीच पेटी: रंगीत चिठ्ठ्या, पितळी घंटा,
डोळ्यांवर बांधायच्या बारा काळ्या पट्ट्या.
तोच विनोद, पहिल्या दिवशी सव्वाअकराला.
कुठेही हसतात.
मला वाटायचं, विनोद चांगला आहे.

दुभाषी नारमंदाख.
मी एक वाक्य बोलले की ती तीन बोलायची,
मी तीन बोलले की कधी कधी नुसती मान हलवायची
आणि सगळ्यांना कळायचं.
नेतृत्वाला तुमच्यात काय म्हणतात?
मानलायलाल, ती म्हणाली, कपाळावर बोट टेकवून:
सगळ्यांत पुढे असतं ते.
आणि तुमच्यात?
मी नेतृत्व सांगितलं. मग राहवेना, म्होरक्याही सांगितला.
तोही पुढचाच, म्हटलं, पण आमच्याकडे म्होरक्या म्हणजे
दगडफेक झाली की पोलीस आधी ज्याला उचलतात तो.
तिने ते सांगितलं.
हॉल खदखदून हसला. बँकवाला जरा उशिरा.
सव्वाअकरा वाजून गेले, माझा विनोद पेटीतच राहिला.

तिसऱ्या दुपारी पट्ट्या काढल्या.
जोडीतला एक आंधळा, दुसरा वाट दाखवणारा.
विश्वास, म्हणत मी वाटत सुटले.
दुलमजावने पट्टी घेतली,
घडी घातली, घडीची घडी घातली, टेबलावर ठेवली
आणि बोलली. बराच वेळ.
खुर्च्यांचा आवाजसुद्धा थांबला.
मी नारमंदाखकडे पाहिलं.
"ती म्हणते, नको."
एवढंच?
"एवढंच."

रात्री खारट दुधाच्या चहावर उरलेलं कळलं.
गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात पांढरं वादळ आलं,
हाताला हात दिसेना. तिचा नवरा कळपामागे गेला.
मेंढ्या वाऱ्यापाठी वाहत जातात, नारमंदाख म्हणाली,
म्हणून कळपात शेळ्या ठेवायच्या.
चौथ्या दिवशी कळप घरी आला.
पुढे शेळी होती.

पुढचं मी विचारलं नाही.
विचारलं ते भलतंच:
तीन दिवस मी "दृष्टी, दृष्टी" करते आहे,
तेव्हा तू काय सांगतेस यांना?
तिने कपात पाहिलं.
"सांगते, आभाळाकडे लक्ष ठेवा."

पट्ट्या मोजून भरल्या. बाराच्या बारा.
फेकाव्यात असं वाटलं, फेकल्या नाहीत.
पुढच्या महिन्यात विंडहुक आहे,
तिथे कदाचित कुणी खुशाल बांधून घेईल.
मी बांधेन का, हे अजून ठरत नाही.

अभिप्रायाच्या कागदावर, आपण काय शिकलात, या रकान्यात
दुलमजावने शेळी काढली होती,
किटलीपाशी शुद्धीवर आलेल्या निळ्या मार्करने.
पाय तीनच, चौथ्याला जागा पुरली नाही.
तोंड रकान्याबाहेर, प्रशिक्षकाचे गुण देतात त्या चौकटीत.

अहवालात लिहिलं: उद्दिष्टे साध्य झाली.
शेळी जोडली. जोडपत्र चार.
जिनिव्हाहून विचारणा आली आहे,
जोडपत्र चारचा संदर्भ कळवावा.
तीन आठवडे झाले.
रोज सकाळी मसुदा उघडते,
"महोदय" लिहिते,
आणि खिडकीतून आभाळ बघून येते.