तिरपा

नार्व्याच्या धक्क्यावर फेरीबोटीचा लोखंडी फाळका
उतारावर येऊन टेकतो,
तेव्हा दोन तिरप्या गोष्टी मिळून
एक रस्ता होतो.
चौथीच्या वर्गात मी हे सांगितलं
तर मागच्या बाकावरून सुरंगा म्हणाली,
बाई, तिरपं म्हणजे वाकडंच ना?

नाही गं.
वाकडं ते, जे सरळ निघालं होतं
आणि वाटेत बिघडलं.
तिरपं मुळात तसंच निघालेलं असतं.

मग फळ्यावर लिहीत गेले.
तिरका हा माणसांचा शब्द: तिरकं बघणं, तिरकं बोलणं,
लग्नात नारळ कमी पडल्यावर आत्याबाईंचा चेहरा.
तिरकस हा त्याचा शिकलेला भाऊ.
तिरळा डोळ्यांपाशी थांबतो,
आणि तो वर्गात कुणाला म्हणायचा नाही.
(सगुण वहीत बघत होता.)
तिरपीट उडते, फेरी सुटताना मासळीची पाटी घेऊन
धावणाऱ्या बाईची.
तिरीप येते. शिंपल्यांच्या खिडकीतला
एक शिंपला फुटलाय, तेवढ्यातून,
चारच्या सुमाराला.

तिरपा मात्र सुताराचा.

माझे बाबा, पुंडलीक च्यारी,
कानावर पेन्सिल, खिशात ओळंबा.
लांबूनच एक डोळा मिटून घर बघायचे, म्हणायचे,
मात्शें कलला.
दिवाडीला कायतानच्या घरी त्यांनी दार बसवलं.
दार उघडं राहीना,
सोडलं की आपोआप मिटायचं.
कायतान म्हणाला, दार तिरपं.
बाबा म्हणाले, दार सरळ, घर तिरपं.
तीन महिने दोघं एकाच फेरीत
दोन बाजूंच्या कठड्यांना टेकून नदी ओलांडत राहिले.

एका रविवारी बाबा फणसाच्या लाकडाचा तुकडा तासत बसले.
एका टोकाला बोटभर,
दुसऱ्या टोकाला जवळजवळ काहीच नाही.
संध्याकाळी जाऊन तो दाराखाली सरकवला
आणि पायाने हलकेच दाबला.
चूक कुणाची, ते राहूनच गेलं.
कायतानच्या बायकोने चहा टाकला.

बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली.
ती पाचर अजून तिथेच आहे,
काळी पडलेली, कडेला पायांनी झिजलेली.
केर काढताना बाजूला ठेवतात,
मग परत तिच्या जागी.

हे सगळं काही फळ्यावर मावत नाही.
मी एवढंच लिहिलं:
वाक्यात उपयोग करा.

सुरंगाने लिहिलं,
'आमचा माड तिरपा आहे
म्हणून मला चढता येतो.'

लाल पेनाने मी बरोबरची खूण केली.
ती सरळ कशी काढतात
मला आजवर कळलेलं नाही.