पारडी बदलून

तिसऱ्या मजल्यावर आम्ही अकरा जण होतो
आणि जागा दोन.
औरंगपुऱ्यातली जुनी संस्था, जिन्यात फिनेलचा वास,
प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल.
सगळ्यांचं पाठांतर बहुतेक एकाच गाइडातलं,
कारण ओठही सारखेच हलत होते.

उदगीरच्या नुजहतनं माझ्या ओढणीकडे पाहिलं,
स्वतःच्या स्कार्फची एक पिन काढली
आणि न विचारता माझ्या खांद्यावर लावली.
"पडायलीय गं," म्हणाली.
मी आभार मानले नाहीत,
अर्थसंकल्पातले आकडे विसरतील म्हणून.

आत चौघं. तीन खुर्च्या फिरत्या, एक साधी,
साधीत बसलेले एक आजोबा, कानात यंत्र.
ऊर्जा, पाणी, पाच वर्षांनी मी कुठे असेन,
सगळं सांगितलं,
पूर्णा ते परभणी स्टेशनं मोजावीत तसं.

"वडील काय करतात?"
"मोंढ्यात काटे दुरुस्त करायलेत."
बोलून गेले, आणि स्वतःच खोडलं:
"दुरुस्त करतात, सर."
कुणीच हसलं नव्हतं.

आजोबा पुढे झुकले.
"काटा खोटं बोलायला लागला,
हे त्यांना कसं कळतं?"

मला माहीत होतं.
बाबा आधी रिकामा काटा बघतात, श्वास धरून.
मग एकीकडे वजन, दुसरीकडे गिट्टी,
खडा खडा टाकत दांडी आडवी होईपर्यंत.
मग दोन्ही उचलून अदलाबदल:
डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे.
तरीही दांडी आडवीच राहिली तर काटा खरा.
कलली, तर तिच्या पोटात कुठंतरी लबाडी.
"बाजू बदलल्यावर कळतंय माय," म्हणतात,
"तवर सगळेच सरळ दिसायलेत."

मी म्हणाले,
"मापनातील त्रुटी दोन प्रकारच्या असतात,"
आणि दोन्ही प्रकार सांगितले, व्याख्येसह.
आजोबांनी मान हलवली.
त्यांचा हात कानातल्या यंत्राकडे गेला,
खाजवायला गेला असेल.

यादीत नुजहत होती.
फोनवर हसत होती, "अगं, मी तर तीनदा
माहीत नाही म्हणले, एकदा पाणी मागितलं,
आणि एका सरांना म्हणलं, तुम्हीच सांगा की."
मी रागानं फोन ठेवला.
रात्री पुन्हा लावला,
पिन माझ्याकडंच राहिली होती.

आता शेषेराव मापाऱ्यांचा नागेश दुकानात येऊन बसतो,
"ताई, तुम्ही गेला होतात ना, काय शिकलात,
चार मुद्दे लिहून द्या."
मी सांगते, चावणारे बूट घालू नको.
जिने पळत चढू नको.
दोन गोष्टी झाल्या की अडते.
तो वहीवर 'तीन' लिहून वाट बघत राहतो,
बाबा रेतीकागदानं गंज घासत असतात,
बाहेर सोयाबीनची पोती उतरत असतात.

कधी कधी मी मनात अदलाबदल करून बघते.
आजोबांना बसवते माझ्या खुर्चीत,
त्यांच्या साध्या खुर्चीत मी,
आणि समोर ती पोरगी, खांद्यावर उसनी पिन,
तिला तोच प्रश्न विचारते.
निवडली असती का मी तिला?

काटा अजून थरथरायलाय.