तपासनीस

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या छापखान्यात
माझं काम एवढंच : चूक पाहणं.
दिव्याखाली ताव यायचा, अंगभर कोऱ्या नोटा,
आणि अंगठा आपोआप थांबायचा
जिथं शाई केसभर सरकलेली,
जिथं आकड्याचा पाय मोडलेला.
लाल पेन्सिलीची रेघ. ताव रद्द.

किती पैसा गेला या बोटांमधून!
एक रुपया माझा नव्हता,
आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही.

सुटीला गेटवर खिसे तपासायचे.
डोळे कुणी तपासले नाहीत.
ते मी तसेच घरी न्यायचो :
भाकरीची करपलेली कड,
मुलीच्या वहीतली ऱ्हस्व वेलांटी,
पाहुण्यांच्या बोलण्यातला उसवलेला टाका.
रोझलीन म्हणायची,
"अहो, हे घर आहे. तुमचं सेक्शन नाही."

निवृत्त झालो. शरणपूरच्या चर्चमध्ये
आढाव पाळकांनी विचारलं,
"सेवेसाठी तुमच्यापाशी काय आहे?"

सुवार्ता ओहोळपाशी गळा आहे.
थिओफिलने रंधा मारून
सगळ्या बाकांचं डगमगणं थांबवलं.
मी गायला लागलो की शेजारचा कडवं चुकतो,
आणि माझी प्रार्थना तिसऱ्या वाक्याला
सरकारी अर्ज होते.
"मला चुका दिसतात," मी म्हणालो. खालीच बघत.
ते हसले नाहीत.
"मग दाराशी उभे राहत जा."

राहिलो.
पहिल्याच महिन्यात गीतांच्या फलकावरचा
उलटा नऊ दाखवला, वेदीच्या कापडावरचा मेणाचा डाग,
खजिनदारांच्या बेरजेतले अकरा रुपये.
लोक बाजूच्या दाराने यायला लागले.

मग नोव्हेंबरातला तो रविवार.
गंगापूर धरणाकडून येणारा गार वारा,
आणि जेलरोडच्या शलोमी भांबळ,
साडी इस्त्रीची, गजरा ताजा,
"जय ख्रिस्त" नेहमीच्याच आवाजात.
फक्त हसू
केसभर सरकलेलं.

हात खिशाकडे गेला, पेन्सिलीकडे.
तिथंच राहिला.
जो ताव रद्द करता येत नाही
त्याचं काय करायचं असतं?
एकतीस वर्षांत हे कुणी शिकवलं नव्हतं.

दुपारी रिक्षा करून गेलो.
त्यांनी दार उघडलं, तेव्हाही मला
दुसरं काही सुचलं नाही. म्हणालो,
"सकाळी तुमचं हसू जरा जागेवर नव्हतं."
त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.
मग चहा टाकला.
तिसऱ्या कपाला बोलल्या.

काय बोलल्या ते इथं लिहिणार नाही.
छापखान्यात गुप्ततेची शपथ दिली होती,
ती अजून कामाला येते.

परतताना बिटको चौकात सिग्नलला
रिक्षा थांबली, आणि उगाच लक्षात आलं :
नोटा माझ्या नव्हत्या, तसे
डोळेही माझे नव्हतेच कधी.
मालकाचा माल, आणि मी इतकी वर्षं
भाकरीच्या कडा मोजण्यात घालवलेला.
रोझलीनला हे सांगायला हवं होतं.
तिला जाऊन चार वर्षं झाली.

आता पेन्सिल साधी, काळी. एक छोटी वही.
'तिसरा बाक, दोन रविवार रिकामा.'
'थिओफिल हात खिशातून काढत नाही.'
'नवीन मुलगी, नर्स असावी, शेवटच्या गीताआधीच जाते.'
सोमवारी एकेक दार.
कधी उघडतं. कधी आतून टीव्हीचा आवाज वाढतो.

ताव आम्ही शेवटी उजेडासमोर धरायचो,
वरून न दिसणारं आतलं चिन्ह पाहायला.
मलाही कुणी तसं धरील, तेव्हा
शाई पुष्कळ ठिकाणी सरकलेली निघेल.
आत काही उमटलेलं असावं,
इतकंच मागतो, अर्जाच्या भाषेत.

फलकावरचा नऊ आजही उलटाच आहे.
असू दे.
आधी तिसरा बाक.