ठोकणाऱ्याला वाचता येत नाही

मला इंग्रजी वाचता येत नाही,
हीच माझ्या दुकानाची पाटी.

बैरूतमध्ये, बुर्ज हम्मूदच्या गल्लीत,
तारांच्या गुंत्याखाली चाळीस वर्षं
मी अंगठ्यांच्या आतून नावं कोरली,
आर्मेनियनमध्ये, अरबीत.
मग बँकांनी काचांवर पत्रे ठोकले,
लोकांचे डॉलर आत, लोक बाहेर,
आणि गिऱ्हाइकं आणू लागली स्टीलच्या पट्ट्या,
पत्त्यातल्या पानाएवढ्या.

"बारा शब्द आहेत, मुअल्लिम वार्तकेस.
कागद भिजतो. फोन चोरीला जातो.
फोटो काढायचा नाही, कुणाला पाठवायचा नाही.
तुम्हाला कळत नाही, म्हणून तुम्हीच ठोका."

मी ठोकतो.
E म्हणजे तीन दातांची फणी, T म्हणजे खिळा,
S म्हणजे झोपेतून उठलेलं मांजर.
ऐरणीखाली जुना टॉवेल,
शेजारच्याला घाव मोजता येऊ नयेत म्हणून.
चिठ्ठी गिऱ्हाइकासमोरच जाळतो
आणि राख बोटांनी चुरतो.
नात म्हणते, आजोबा, तीन महिन्यांत शिकवते.
मी म्हणतो, नायरी, घर या अडाणीपणावर चाललंय,
भांडवलाला हात लावू नकोस.

तौफिक खलाफने अकराच शब्द दिले.
बारावा?
त्याने कपाळावर बोट ठेवलं.
"पट्टी चोरली तरी चोराला काय मिळणार?
एक दात कमी असलेली किल्ली."
स्वतःच्या हुशारीवर हसला,
मजुरी दिली, वर मूठभर पिस्ते.

मार्चमध्ये, वीज नसलेल्या जिन्यात,
पाण्याचा कॅन सहाव्या मजल्यावर नेताना
चौथ्यावर दम खायला बसला
तो बसलाच.

इनआम आली. पट्टी पावाच्या पिशवीत.
"तुम्हाला तरी सांगितला असेल."
जे बायकोला सांगितलं नाही
ते बायको मला विचारत होती.
मी कॉफी ठेवली. दुसरं काय करणार.

नायरी म्हणाली, यादीत शब्दच दोन हजार अठ्ठेचाळीस,
आणि शेवटच्या जागी बसतील असे
एकशे अठ्ठावीस फक्त.
तिने जुना लॅपटॉप काढला, नेटची वायर उपटली,
तौफिकच्या वहीतला लांबलचक पत्ता शेजारी ठेवला
आणि एकेक शब्द लावून पाहू लागली.
दर वेळी त्याचा अर्थ सांगायची, अरबीत.
इनआम दर वेळी म्हणायची, हाच असेल.
"देवदूत." हाच. मला तसं म्हणायचा.
"बाळ." आता मात्र ती गप्प झाली.
अकराला जनरेटर बंद पडला,
बॅटरीच्या उजेडात तिघांची डोकी.

सत्त्याहत्तरावा शब्द: कांदा.

पत्ता जुळला. शेवटच्या आकड्यापर्यंत.
इनआम पडद्याकडे बघत राहिली.
"कांद्याला शिवायचा नाही तो.
तीस वर्षं मी दोन भांड्यांत रांधलं."
आणि हसू लागली, ते हसणं
कधी दुसरीकडे वळलं कळलं नाही.
पैसे किती होते, मी विचारलं नाही.
तिनेही त्या रात्री बघितले नाहीत.

"ठोका," म्हणाली. "आता पूर्ण करा."

मी ठोकला. गोल, वाकडी शिडी, काठी,
पुन्हा गोल, पुन्हा वाकडी शिडी.
पाच घाव. आणि शेवटच्या घावाला
ते आकार उरले नाहीत.
कांदा दिसला मला पट्टीवर, सालासकट.

आता पाटी खोटी आहे.
सकाळी एक पोरगा आला, घाबराघुबरा,
चिठ्ठी मोज्यात लपवलेली.
मी हात मागे घेतला.
म्हटलं, बाबा, उघडण्याआधी ऐक,
मला एक शब्द वाचता येतो.
तो तुझ्यात असला तर
पुढच्या गल्लीत हागोप बसतो,
त्याला अजून काहीच येत नाही.