सीट धरणारा

मी फक्त सीट धरतो.
एका मिनिटाला एक सायकल, एक पाठ.
पंच बोटं मोजतो, पाच, चार, तीन,
आणि मी सोडतो.
ढकलायचं नाही, असा नियम आहे.

नेफासितच्या चौकात अजून धुकं आहे,
तांबड्या समुद्राकडून चढत आलेलं,
निवडुंगाच्या बोंडांवर दमून बसलेलं.
पुढचा रस्ता पहिल्या वळणापर्यंतच दिसतो.

सुटताना सगळेच श्रीमंत असतात.
मला तळहाताला कळतं ते:
पगाराच्या दिवसासारखे पाय,
पहिल्याच चढाला खिसा उलटा करायला निघालेले.
गेल्या साली सेनाइत अशीच गेली होती.
अठराव्या वळणावर उभी सापडली,
हँडलवर डोकं टेकून,
आणि कठड्यावरची माकडं तिच्याकडे बघत होती.

तिचा बाप टेकले, गुडघा गेलेला,
मनगटी घड्याळ घेऊन चौकात उभा आहे.
वर्षभर एकच सांगत आलाय:
चढावर खर्च कर, तिथेच वेळ सांडतो.
पण मूठ उघड, पोतं नाही.
उतारावर वाऱ्याची भिंत असते,
भिंत ढकलून कोण पुढे गेलंय?
तिथे कोपरं आत घे, अंग चोर, श्वास गोळा कर.
ब्रेक वळणाच्या आधी.
आणि दरीकडे बघू नकोस,
नजर जाते तिकडे चाक जातं.

अंथरूण पाहून पाय पसरावे, खरं आहे,
पण इथे दर वळणाला अंथरूण बदलतं.

आज ती सीटवर बसली
तेव्हा सीट थरथरली नाही.
मला जरा भीतीच वाटली.
तीन. दोन.
सोडलं.

तिच्यामागून सुटलेली हेर्मोना
तिला पहिल्या चढावरच गाठून पुढे गेली,
फोनवाल्या पोराने ओरडून सांगितलं.
सेनाइत मागे लागली नाही म्हणे.
जाऊ दिलं.
चौकातली माणसं हळहळली.
कॉफीवाली बाई म्हणाली, पोरगी खचली.
टेकलेने घड्याळाला चावी दिली,
आधीच भरलेली होती ती.

मग बराच वेळ कुणी काही सांगितलं नाही.
फोनला घाटात रेंज नसते.

धुकं उठत होतं. वरचा मठ दिसायला लागला.
टेकले माझ्याजवळ आला, विचारलं,
"सीट कशी होती?"
"हलकी," मी म्हणालो.
तो काही बोलला नाही,
पण कोपरं आत घेतली त्याने,
उभ्या उभ्या,
एखाद्या लांब उताराला लागल्यासारखी.

पुढची सायकल आली. मी हात पुसले.