टरफलं

कांबादोसच्या बंदरावर माझी आई, दोरिंदा,
बेचाळीस वर्षं खेकडे विकत आली.
तिनं मागीलदारी फेकलेली टरफलं
मी आता पांढऱ्या डब्यातून विकत घेते,
ग्रॅमवर, पावतीसकट.
"कचऱ्याला पैसे मोजता?"
"धुऊन, दळून देतात ना, आई."

सांतियागोच्या प्रयोगशाळेत एलादिओ तेल कोमट करतो,
मी थेंब थेंब सोडते.
तेलाच्या पोटात औषध,
तेलाच्या अंगावर टरफलाचा झिरझिरीत अंगरखा.
केसाच्या रुंदीत असे पाचशे कण ओळीनं बसतील.
दिसत काहीच नाही.
पाणी फक्त निळसर होतं,
दुधाचं भांडं विसळल्यासारखं.

ओठात एक, पोटात एक,
हे माणसाला लागू. इन्सुलिनचीही तीच गत :
जिभेवर औषध,
जठरात गेलं की नुसतं अन्न.
पोट त्याला ओळखत नाही.
पोटाला सगळंच जेवण.

नुसतं तेल पाठवलं, तर पाचकरस त्याला वाटेतच लुटतात.
नुसतं टरफल पाठवलं,
तर ते आतड्याच्या दाराला चिकटून बसतं
आणि निरोप सांगायचं विसरतं.
म्हणून ही सोयरीक.
दोन्ही घरची माणसं हट्टी.
कधी रात्रीतून गुठळ्या होतात,
आणि सकाळी एलादिओ बाटली उजेडाशी धरून
एक जुनी, खास कोळ्यांची शिवी घालतो.

मंगळवारी उंदरांच्या रक्तातली साखर उतरली.
गुरुवारी तेच मिश्रण, तेच हात,
नाही उतरली.
वहीत दोन्ही लिहिलं.

रविवारी घरी गेले.
जेवणाआधी आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली,
पोटाची चिमूट धरली,
सुई टोचली,
एप्रन सारखा केला, टेबलाशी आली.
चौदा वर्षं ती असंच पाठमोरं टोचून घेते आहे,
आणि मी चौदा वर्षं
पावाच्या टोपलीकडे बघते आहे.

मग तिनं नांगी फोडली, आतलं मांस माझ्या पानात टाकलं,
रिकामी टरफलं एका बाजूला लोटली.
"घे. तुझ्या कामाला."
कधी होणार, किती पैसे पडतील,
यातलं काहीच विचारलं नाही.
बोटं चाटता चाटता म्हणाली,
"कडू असेल का गं ती गोळी?"

सहा वर्षांच्या वह्यांमध्ये
चवीचा रकानाच नव्हता.