पुरुषभर

दफ्तरखान्यात जिनगोंडा उपाध्ये मोडी वाचतात,
मी शेजारी, लेव्हलची वही उघडून.
"श्रावण वद्य पंचमी. नदीस पाणी फार.
मारुतीस कमरेइतके. वेशीत पुरुषभर."

मारुती सापडला, चिखलीच्या वाटेवर.
पुजारी म्हणाला, आजोबांनी ओटा दोन हात उचललाय,
शिवाय शेंदूर. दर शनिवारी देव थोडा जाड होतो.
मग कंबर कुठली धरायची?
स्टाफ उभा केला, दोन हात वजा केले.
पण हात आजोबांचे.

पुढचं पान.
"रखमाजी नावाड्यास जोंधळे अडीच शेर जादा.
नाव चिंचेस बांधिली."
चिंच आता नाही. तिथं पंक्चरवाला बसतो.
त्याच्या उंबऱ्याची पातळी घेतली, तर म्हणाला,
एकोणीसला माझा पत्रा दिसत न्हवता,
ते बी लिव्हा की.
लिहिलं.

पुरुषभर म्हणजे किती?
कारकून उंच होता की ठेंगणा?
स्वतः उतरला होता पाण्यात,
की काठावरून दुसऱ्या कुणाला बुडताना बघून लिहिलं?
मी साडेपाच फूट धरले,
पुढं अधिक-उणे एक.

त्यानंतर तीन पानं कोरी.
ओसरलं असेल, मी म्हणालो.
उपाध्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
कोऱ्या पानाच्या तळाशी बोट टेकवलं :
तांबूस रेघ, आडवी,
कुणीच न आखलेली.
मी पट्टी लावली. तीन सेंटिमीटर.

"हे दफ्तर तेव्हा कुठं असायचं?"
"माडीवर," ते म्हणाले.
कुठल्या, ते लिहिलेलं नाही.